नो कंट्री फॉर ओल्ड मेन : शेरीफ बेल पळाला का? (रसभंगाचा इशारा)

माळरान

आधीच सांगतो, चित्रपट पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा. पुढे शेवटासकट सगळं उघड करून लिहिलंय.

कोएन बंधूंचा हा चित्रपट २००७ चा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. हॉस्टेलची खोली, एक लॅपटॉप आणि त्याभोवती सातआठ जण. तेव्हा आम्हाला सगळ्यांना एकच माणूस दिसला होता, हाविएर बार्देमचा अँटन शिगर. ते विचित्र केस, हवेची टाकी घेऊन दारांची कुलपं उडवत फिरणं, नाणं उडवून माणसाचं मरण ठरवणं. शेवटी म्हातारा शेरीफ स्वयंपाकघरात बसून बायकोला स्वप्न सांगतो आणि पडदा काळा होतो, तेव्हा खोलीत सगळे ओरडले होते, "संपला? असा?" ओरडणाऱ्यांत मीही होतो.

गेल्या आठवड्यात पुन्हा पाहिला, घरी, अण्णांबरोबर. अण्णा म्हणजे माझे वडील. पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागले आणि ३४ वर्षांनी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. इंग्रजी त्यांना जेमतेम, म्हणून मी मधेमधे थांबवून सांगत होतो.

गोष्ट थोडक्यात, म्हणजे चर्चेला बरं. १९८० साल, पश्चिम टेक्सास, मेक्सिकोची हद्द जवळ. लुएलिन मॉस नावाचा वेल्डर, व्हिएतनामला जाऊन आलेला, हरणामागे रानात गेलेला असतो. तिथे त्याला गोळ्यांनी चाळण झालेल्या गाड्या, प्रेतं, हेरॉईनचा ढीग आणि पुढे एका झाडाखाली मरून पडलेल्या माणसाजवळ वीस लाख डॉलरची बॅग सापडते. बॅग घेऊन तो घरी येतो. पैशाच्या मागावर शिगर, त्याच्या जोडीला मेक्सिकन टोळी, आणि या सगळ्यांच्या मागून दोन पावलं उशिरानं चालणारा टेरेल काउंटीचा शेरीफ (तिकडच्या जिल्ह्याचा पोलीसप्रमुख) एड टॉम बेल, म्हणजे टॉमी ली जोन्स.

अण्णा पहिला तासभर गप्प होते. ते सरसावून बसले ते शेवटाकडे, एल पासोच्या मोटेलच्या प्रसंगात. मॉस मेलेला आहे. तिथला शेरीफ कॉफी पिताना बेलला सांगतो की हा मारेकरी असा आहे की जिथे खून केला तिथे पुन्हा चालत जातो. हे ऐकून बेल रात्री एकटाच त्या खोलीशी परत येतो. दारावर पोलिसांची पिवळी पट्टी आणि कुलपाच्या जागी गोल भोक. शिगरची सही ती. आपल्याला दाखवतात की शिगर अंधारात बंदूक घेऊन उभा आहे. बेल त्या भोकाकडे बघत दारापुढे थांबतो. थांबतो म्हणजे किती थांबतो! मग पिस्तूल काढतो, दार ढकलतो आणि आत जातो. आत कुणी नाही. न्हाणीघराची खिडकी आतून बंद. तो पलंगाच्या कडेवर बसतो. खाली हवेच्या डक्टची जाळी काढून ठेवलेली, स्क्रू पडलेले, शेजारी एक नाणं.

अण्णा म्हणाले, "मागे घे." मी मागे घेतलं. पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर कुणीच नाही का रे ह्याच्या?" आणि थोड्या वेळानं, टीव्हीकडेच बघत, एका रात्रीची हकीकत सांगितली. तरुण हवालदार होते तेव्हाची. बाजार समितीच्या मागचं एक गोदाम, दाराची कडी तुटलेली, आत हत्यार घेऊन कुणीतरी शिरल्याची खबर. जोडीदार जीप आणायला गेलेला. "पंधरा मिनिटं उभा होतो दारात. घाम इतका की काठी हातातून सटकत होती. मग गेलो आत. कुणी नव्हतं. पोत्यांवर मांजर बसलं होतं. तुझ्या आईला पण बोललो नाही कधी."

बेल त्यानंतर नोकरी सोडतो. नेटवर जिथे बघावं तिथे लोक लिहितात की बेल घाबरला, हरला, पळाला. मला हे आता अजिबात पटत नाही. आत कोण असू शकतं हे पुरतं ठाऊक असताना तो दार ढकलून आत गेलेला आहे. त्यानंतर घरी जाऊन बसणाऱ्याला पळपुटा कसं म्हणायचं? तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

घाटमाथा

छान लिहिलंय. अण्णांचा किस्सा वाचून अंगावर काटा आला.

पण बेल पळाला की नाही यापेक्षा माझी तक्रार वेगळी आहे. दीड तास आपण मॉसबरोबर धावतो. कुत्रा मागे लागलेला असताना नदीत उडी, बाहेर आल्यावर ओलं पिस्तूल झटकून, फुंकर मारून, पुन्हा गोळी भरून अगदी शेवटच्या क्षणी झाडणं. एका मोटेलात दोन खोल्या घेऊन तंबूच्या काठ्या जोडून डक्टमधून बॅग ओढणं. एवढं जीव तोडून दाखवलं आणि तो मरतो तेव्हा कॅमेरा तिथे नाहीच! गोळ्यांचा आवाज, भरधाव निघालेली गाडी, आणि बेल पोचतो तेव्हा मॉस दारात मरून पडलेला. त्यातून मारणारा शिगरसुद्धा नाही, मेक्सिकन टोळी. प्रेक्षक म्हणून माझा हक्क हिरावून घेतल्यासारखं वाटलं होतं आणि आजही वाटतं.

माळरान

घाटमाथा, हॉस्टेलवर आम्ही याच कारणासाठी ओरडलो होतो. आता मात्र वाटतं की ते बेलच्या जागेवरून दाखवलंय. पोलीस पोचतो तेव्हा घटना घडून गेलेली असते. अण्णा त्या ठिकाणी एवढंच म्हणाले, "असंच असतं. आपण जाऊन नुसता पंचनामा करायचा."

तांबडी_माती

धागाकर्त्यांच्या मताच्या विरुद्ध बोलायला आलोय, रागावू नका.

कॉरमॅक मॅकार्थींची मूळ कादंबरी २००५ ची. ती वाचली असेल तर "बेल पळाला का?" या प्रश्नाचं उत्तर "हो, एकदा पळाला होता" असं आहे. कादंबरीत बेल अपंग काका एलिसकडे जातो तेव्हा दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट कबूल करतो. युद्धात तो आपल्या साथीदारांना सोडून निघून आला होता आणि वर त्याला पदक मिळालं. पदक तो नाकारू पाहतो, पण देणारे ऐकत नाहीत. पुढची सगळी शेरीफकी त्या ओझ्याखाली आहे. लोकांना सांभाळायचं, कारण एकदा सांभाळलं नाही.

कोएन बंधूंनी हा सगळा भाग काढून टाकला. चित्रपटात एलिसकडचा प्रसंग आहे, मांजरं आहेत, शिळी कॉफी आहे, पण कबुली नाही. त्याऐवजी एलिस १९०९ सालची हकीकत सांगतो, घराच्या ओसरीवर गोळी घालून मारलेल्या मॅककाकाची. म्हणजे ज्याला बेल आजकालची नवी हिंसा समजतो ती त्या मुलखात आधीपासूनच होती. आणि येणाऱ्या गोष्टी तुझ्यासाठी थांबून राहिलेल्या नाहीत, तसं वाटणं हा अहंकार आहे, असं म्हातारा त्याच्या तोंडावर सांगतो.

माझं म्हणणं असं की चित्रपटातला बेल सुरुवातीच्या निवेदनातच आपली बाजू सांगून बसलाय. आजोबा, वडील, सगळे कायद्याची नोकरी केलेले. जुने काही शेरीफ पिस्तूलसुद्धा बाळगत नसत, हे तो अभिमानानं सांगतो. आणि पुढे म्हणतो की मरायची तयारी या नोकरीत लागतेच, पण जे मला कळत नाही त्याच्यासमोर जाऊन आत्मा पणाला लावायचा नाही. मग तो पूर्ण चित्रपटभर तसाच वागतो. पेपर वाचतो, कॉफी पितो, हाताखालच्या डेप्युटी वेंडेलला पुढे घालतो. ते मोटेलचं दार तेवढं अपवाद. एका दारानं सगळं धुऊन निघत नाही, असं माझं मत.

रानजाई

बेलवर इतकं बोलणं चाललंय, मॉसच्या बायकोचं, कार्ला जीनचं नाव कुणीच घेतलं नाही अजून.

मॉस मेला. आईचं दफन करून ती घरी येते. आतल्या खोलीत शिगर बसलेला. पैसे तिच्याकडे नाहीत हे त्याला माहीत आहे, तरी आलाय, कारण मॉसला तसा शब्द दिला होता. तो नाणं उडवतो, झाकून धरतो आणि म्हणतो, छापा की काटा सांग. ती सांगत नाही. नाण्याला काही म्हणायचं नसतं, ठरवणारा तूच आहेस, असं ती त्याला म्हणते. पूर्ण चित्रपटात शिगरला असं तोंडावर सांगणारी ती एकटी आहे. पेट्रोल पंपाचा मालक घाबरून बोलून जातो. कार्सन वेल्स, पैशासाठी माणसं शोधणारा इतका मुरलेला माणूस, पैशाचं आमिष दाखवत राहतो.

तांबडी_माती, तुम्ही कादंबरी वाचलीय म्हणून आठवण करून देते. कादंबरीत कार्ला जीन छापा की काटा ते सांगते, आणि हरते. हा बदल कोएन बंधूंनी केलाय. त्यांनी बेलकडून कबुली काढून घेतली असेल, पण तिला हा नकार दिला. तिचं काम करणारी केली मॅकडोनाल्ड मूळची स्कॉटलंडची, हे मला नंतर कळलं तेव्हा विश्वास बसला नव्हता.

तिचा खून दाखवत नाहीत. शिगर ओसरीवर येतो आणि बुटांचे तळवे तपासतो. एवढंच. आधी वेल्सला मारल्यावर रक्त पायाखाली येऊ नये म्हणून त्यानं फोनवर बोलता बोलता पाय उचलून पलंगावर घेतलेले आपण पाहिलेत, त्यामुळे तळवे बघितले की कळतं. मी घाटमाथा यांच्याशी इथे सहमत नाही. न दाखवलेलं मरण मला जास्त लागलं.

दूरदेशी

मी टेक्सासात मिडलंडला सहा वर्षं होतो, तेलाच्या कामावर. चित्रपटातला भाग तिथून दक्षिणेला. सँडरसन हे टेरेल काउंटीचं ठाणं, तिथून हायवे ९० वरून बऱ्याचदा डेल रिओकडे गेलोय. चित्रपटाचं बरंचसं चित्रीकरण न्यू मेक्सिकोत झालं, काही टेक्सासातल्या मार्फाच्या आसपास. मार्फाजवळ तेव्हाच तेलावरच्या दुसऱ्या एका चित्रपटाचं काम चालू होतं. त्यांनी विहिरीच्या आगीची चाचणी घेतली आणि त्या धुरानं आकाश भरल्यामुळे कोएन बंधूंना काम थांबवावं लागलं होतं.

मला बेलबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, जी आपल्याकडे बसून लक्षात येत नाही. टेरेल काउंटी सुमारे ६,१०० चौरस किलोमीटरची आहे. आपल्या लातूर जिल्ह्यापेक्षा थोडी लहान. लोकवस्ती आज हजाराच्याही आत, आणि १९८० मध्येही दीड हजाराच्या आसपासच. त्याला एक शेरीफ आणि हाताशी एखाददुसरा डेप्युटी. तुम्ही रस्त्यावरून जाताना तासभर समोरून गाडी येत नाही. कुंपणाची तार, खुरटी झुडपं आणि वारा. रात्री गाडीचे दिवे बंद केले की स्वतःचा हात दिसत नाही.

अशा मुलखात मॉस रात्री तिथे पडलेल्या जखमी माणसासाठी पाण्याचा कॅन घेऊन परत जातो तेव्हा कड्यावर त्याच्या गाडीशेजारी दुसरी गाडी येऊन उभी राहते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातपाय गार पडले होते. त्या रानात दुसरी गाडी असायचं काहीच कारण नसतं.

म्हणून तांबडी_माती, बेल कॉफी पितो, पेपर वाचतो हे खरं, पण एवढ्या पसाऱ्यात एक माणूस दुसरं काय करणार हेही बघा.

कानोसा

उशिरा आलो. मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो, त्यामुळे या चित्रपटाकडे माझं बघणं कानानं जास्त.

या चित्रपटात संगीत जवळजवळ नाही. कार्टर बर्वेल यांचं नाव संगीतकार म्हणून आहे आणि शेवटी श्रेयनामावलीला सूर नीट ऐकू येतात. त्याआधी जे आहे ते इतकं खाली ठेवलंय की तुम्हाला वारा वाटेल. पेट्रोल पंपाच्या प्रसंगात त्यांनी फ्रिजच्या घरघरीशी जुळवलेला एक सूर हळूहळू वर आणलाय. आपल्याला अस्वस्थ का वाटतंय ते कळत नाही, पण वाटत राहतं. नाण्याचा निकाल लागला की तो विरतो.

त्याच प्रसंगातला दुसरा आवाज सांगतो. शिगर काजू खातो आणि वेष्टण चुरगाळून काउंटरवर ठेवतो. कॅमेरा त्या वेष्टणावर जातो आणि ते कुरकुरत हळूहळू उलगडतं. कागद जिवंत असल्यासारखा. म्हाताऱ्यानं विचारलेलं असतं साधं, पलीकडे पाऊस होता का, तुम्ही डॅलसकडचे दिसता. त्या चौकशीवरून हे सगळं सुरू होतं. नाणं १९५८ चं, बावीस वर्षं प्रवास करून इथे आलंय असं शिगर म्हणतो. म्हातारा जिंकतो, पण काय जिंकलं ते त्याला शेवटपर्यंत समजत नाही.

आणि ईगल पासचं हॉटेल! हा प्रसंग मी नव्या मुलांना नेहमी ऐकवतो, डोळे मिटून ऐका म्हणतो. मॉस अंधारात पलंगावर बसलाय. नुकतंच त्याला नोटांच्या गड्डीत लपवलेलं सिग्नलचं यंत्र सापडलंय. तो खाली कारकुनाला फोन लावतो. रिसीव्हरमधून घंटी ऐकू येतेच, शिवाय खालच्या मजल्यावरून तीच घंटी पुसट ऐकू येते. कुणी उचलत नाही. म्हणजे कारकून गेला. मग लाकडी जमिनीवर पावलं. मग बीप, बीप, जवळ येत जाणारी. दाराच्या फटीतून उजेडाची पट्टी आणि त्यात दोन पायांच्या सावल्या. पाय निघून जातात. बारीक चरचर, दिवा काढल्याची, आणि उजेडाची पट्टी जाते. यात एक वाक्य बोललेलं नाही, एक व्हायोलिन नाही. प्रेक्षकाला श्वास धरून ठेवायला लावणं म्हणजे काय ते इथे शिकावं.

त्या वर्षी ध्वनीच्या दोन्ही विभागांत याला ऑस्कर नामांकन होतं, मिळालं नाही. चित्रपट, दिग्दर्शन, आधारित पटकथा आणि बार्देम अशी चार मिळाली. ध्वनीचं हुकल्याचं मला आजही वाईट वाटतं.

उत्तररात्र

सगळ्यांचं वाचलं. मनापासून एक विचारू का? हे बघायचं कशासाठी?

मी सुरुवातीच्या काही मिनिटांतच बंद केला होता. शिगर हातकडीनं त्या तरुण डेप्युटीचा गळा आवळतो तो प्रसंग. तो आडवा पडून छताकडे बघत असतो आणि मेल्यानंतर जमिनीवर त्या पोराच्या बुटांच्या घासल्याच्या काळ्या रेघा दिसतात. त्या रेघा मला दोन दिवस दिसत होत्या. आमच्या घरात एक मृत्यू असाच हिंसेनं झालाय, त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही. कलाकृती म्हणून मोठी असेल, पण मला ती माणसाचा अपमान वाटली.

रानजाई

उत्तररात्र, तुम्ही बंद केलात ते योग्यच केलंत. कुणी आग्रह करू नये असा हा चित्रपट आहे.

फक्त एवढं सांगते की हिंसा बहुतेक पहिल्या भागात आहे. पुढेपुढे चित्रपट स्वतःच तोंड फिरवत जातो. आधी गळा आवळणं पूर्ण दाखवतात, नंतर मॉसचं प्रेत फक्त, नंतर कार्ला जीनच्या वेळी नुसते बुटांचे तळवे. दिग्दर्शकांनाही पुढे बघवेना असं मला वाटत आलंय. त्या रेघा तुम्हाला दोन दिवस दिसल्या, तसंच त्यांनाही हवं असेल. मेलेल्याची खूण राहावी.

सातबारा

पैशाचा हिशेब कुणी मांडला नाही म्हणून लिहितो.

वीस लाख डॉलर. मॉसनं त्यातले खर्च केले ते मोटेलची भाडी, कपडे, बूट, बंदूक, तंबू. जखमी होऊन पूल ओलांडताना एका पोराकडून कोट विकत घेतला, ५०० डॉलरला. बॅग पुलावरून खाली वेताच्या झाडीत फेकली आणि नंतर परत घेतली. शेवटी एल पासोच्या मोटेलात डक्टमध्ये. जाळी काढलेली आणि शेजारी नाणं, म्हणजे बॅग शिगरनं नेली. आधीच्या मोटेलातही त्यानं स्क्रू नाण्यानंच काढलेले दाखवलेत. कादंबरीत तो ते पैसे मालकाला नेऊन देतो. चित्रपटात पैशाचं पुढे काय झालं याची चौकशीच नाही.

शेवटी गाडीच्या अपघातानंतर हाड बाहेर आलेलं असताना शिगर पोराकडून सदरा घेतो आणि शंभराची नोट देतो. पोरगा आधी फुकट द्यायला तयार असतो. नोट हातात आली की दोन्ही पोरं वाटणीवरून भांडायला लागतात. कोटाच्या वेळीही तेच, पैसे दिसल्यावर उरलेल्या बिअरची किंमत विचारली जाते. त्या पैशाला हात लावणारं कुणीच सुटत नाही.

एक खरी घटनाही इथे सांगण्यासारखी आहे. २९ मे १९७९ ला सॅन अँटोनिओत जॉन एच. वुड या संघीय न्यायाधीशांना घराबाहेर गोळी घालून मारलं. अमली पदार्थांच्या धंद्यातल्या जिमी चाग्राचा खटला त्यांच्यासमोर होता. विसाव्या शतकात अमेरिकेत संघीय न्यायाधीशाचा असा खून पहिल्यांदाच झाला. कादंबरीत बेल त्याचा उल्लेख करतो. गोळी झाडल्याबद्दल जन्मठेप झाली चार्ल्स हॅरेलसनला, आणि चित्रपटात पैशासाठी माणसं शोधणारा कार्सन वेल्स ज्यानं केलाय तो वुडी हॅरेलसन त्याचा मुलगा. बाप मार्च २००७ मध्ये तुरुंगात वारला, चित्रपट त्याच वर्षी आला. हे कळल्यापासून वेल्सचा प्रत्येक प्रसंग मला वेगळा दिसतो. बेल जे आपल्याला समजत नाही म्हणतो ते त्या मुलखात तेव्हा खरोखर चालू होतं.

तांबडी_माती

सातबारा, ही माहिती मला नव्हती. आभार. कादंबरीतलं ते वाक्य वाचलं होतं, पण सांधा जुळला नव्हता.

माळरान

दोन दिवस बाहेरगावी होतो. प्रतिसाद वाचून भरून आलं.

तांबडी_माती, युद्धाची कबुली कादंबरीत आहे हे मला माहीत नव्हतं, आणि ते वाचल्यावर माझं मत उलट पक्कं झालं. जो एकदा सोडून आला, तो म्हातारपणी दारापुढे थांबून आत जातो. चित्रपटवाल्यांनी कबुली काढली, पण टॉमी ली जोन्सच्या चेहऱ्यावर ती राहिलीय असं आता वाटतं.

बेल चुकतो मात्र, हे मान्य. कार्ला जीनशी बोलताना तो चार्ली वॉल्सरची गोष्ट सांगतो. बैल मारताना गोळी उसळून त्याच्याच खांद्यात घुसते. आणि सहज म्हणतो की आता तसं राहिलं नाही, आता हवेच्या बंदुकीनं मारतात, लोखंडी दांडा कपाळात जातो आणि परत येतो. आपण प्रेक्षक ओरडतो, अरे तेच, तेच हत्यार आहे! पण त्याच्या डोक्यात ते जुळत नाही. का सांगताय म्हणून ती विचारते तर म्हणतो, मन भरकटतं. अण्णांनी इथे मान हलवली होती. म्हणाले, "कधी कधी उत्तर तोंडात असतं आणि डायरीत येत नाही."

सातबारांनी पैशाचा हिशेब मांडला, त्यात एक राहिलं. शेवटी बेल दोन स्वप्नं सांगतो. सगळ्यांना दुसरं आठवतं, डोंगरखिंडीतली थंडी, शिंगात विस्तव घेऊन पुढे निघून जाणारे वडील, ते पुढे कुठेतरी शेकोटी करून थांबले असतील ही खात्री, आणि मग जाग. पहिलं मात्र त्यानं घाईत उरकलंय. गावात वडील भेटले, त्यांनी थोडे पैसे दिले, ते बहुतेक मी हरवले. वीस लाखांच्या मागे इतकी माणसं मेली आणि चित्रपट हळहळतो तो या पैशांसाठी, किती होते तेही माहीत नसलेल्या. वडील गेले त्या वयापेक्षा तो वीस वर्षांनी मोठा आहे, म्हणजे स्वप्नात तेच तरुण आहेत, हेही तो सांगतो. माझे आजोबा ५२ व्या वर्षी गेले. अण्णा आता ७१. मी ते वाक्य मराठीत सांगितलं तेव्हा अण्णांनी चष्मा काढून ठेवला.

घाटमाथा

माळरान, हा प्रतिसाद वाचून मी काल पुन्हा लावला. मॉसच्या मरणाबद्दलची तक्रार अजून आहे, पण यावेळी बेल टोपी काढतो ते दिसलं. कार्ला जीन मोटेलच्या आवारात येते, तिला समजलेलं नाही, आणि तो तिच्याकडे बघत टोपी काढतो. त्यावरून तिला कळतं. हे मागच्या तिन्ही वेळा माझ्या नजरेतून सुटलं होतं.

दूरदेशी

अण्णांना माझा नमस्कार सांगा. एक विचाराल का त्यांना? हे सगळं घडतं ते मॉस रात्री पाणी घेऊन परत जातो म्हणून. गेला नसता तर गाडी सापडली नसती, नाव कळलं नसतं. मिडलंडला आम्ही यावर तासन्‌तास वाद घालायचो. निम्मे म्हणायचे मूर्खपणा, निम्मे म्हणायचे त्याच्यातला माणूस जागा झाला. पोलिसाच्या नजरेनं त्यांना काय वाटतं?

माळरान

दूरदेशी, आज सकाळी चहाच्या वेळी विचारलं. अण्णा बराच वेळ कपातच बघत होते. मग त्यांनी मलाच उलट विचारलं, "तो जखमी माणूस पाणी कधी मागत होता?"

मी म्हटलं, "दुपारी. गाडीत पडल्या पडल्या. मॉस म्हणाला माझ्याकडे पाणी नाही, आणि पुढे गेला."

"आणि घेऊन कधी गेला?"

"मध्यरात्री. झोप येईना म्हणून उठला."

"तेव्हा तो जिवंत होता का?"

"नाही."

अण्णा म्हणाले, "मग दुपारीच द्यायला पाहिजे होतं." आणि चहाचा कप आत ठेवायला उठले.